मागचे ब्रेक मी स्वतः बदलतो

१२ जानेवारी २०२५, रविवार. सकाळी ७.१०

निर्णय झाला. गाडीचे मागचे ब्रेक पॅड मी स्वतः बदलणार.

आठ दिवसांपासून ब्रेक दाबला की मागून कुईंऽऽ असा आवाज येतोय. काल पाटणी चौकात एक म्हैस वळून बघायला लागली. पॅड झिजलेत, दुसरं काही नाही. गाडी २००३ची, जपानी, लाल, दोन दारांची स्पोर्ट्स कार. आख्ख्या वाशीम जिल्ह्यात दुसरी नाही. पुण्याच्या ज्या दाताच्या डॉक्टरकडून घेतली, त्याच्या डोळ्यांत चावी देताना पाणी होतं. बायकोच्या, म्हणजे राखीच्या, मते तो हसू दाबत होता. बायकांना गाड्यांमधलं कळत नाही.

ब्रेक म्हणजे शेवटी पास्कलचा नियम. द्रवावर एका जागी दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो. ज्युनियर कॉलेजात बावीस वर्षं हेच शिकवतोय. मेकॅनिक लोकांना पास्कल हा माणूस होता की ऑइलचा ब्रँड, ते सांगता यायचं नाही.

मुदत ५ फेब्रुवारी. त्या दिवशी अकोल्याला आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. केनवडहून तिला माझ्या गाडीत घेऊन जाणार. थोरला मी आहे. वाटेत पातूरचा घाट, म्हणून ब्रेक पक्के हवेत.

धाकट्या भावाचं, हरीओमचं, केनवड फाट्यावर गॅरेज आहे. तिकडे गाडी न्यायची नाही. तो ट्रॅक्टर आणि जीपा दुरुस्त करतो. ही स्पोर्ट्स कार आहे.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. केनवडला फोन केला. आईला योजना सांगितली. ती म्हणाली, बापा, तुह्या गाडीत मले वाकून शिरा लागते, गुडघे दुखतात. मी म्हटलं, आई, सवयीनं होतं.

मग हरीओमने फोन घेतला. म्हणे, दादा, जीप हायेच माही, आईले पाय लांब करून बसता येते. मी म्हटलं, गरज नाही. तो म्हणाला, मंग पॅड बदलाच्या आंधी गाडी मले दाखवा एकदा, मागचे ब्रेक पुढच्यासारखे नसतात. मी म्हटलं, हरीओम, फिजिक्स तुला मी शिकवलंय.

 फोन ठेवताना तो तिळगूळ घ्या म्हणाला. टोमणा असावा.

१९ जानेवारी, रविवार. दुपारी १.३०

पार्सल आलं. चार पॅड, चकचकीत. व्हिडिओतला माणूस हे काम पंचवीस मिनिटांत करतो. मी सवयीचा नाही म्हणून चाळीस धरली. सकाळी आठला सुरुवात.

चाकाचे नट गंजलेले होते. पान्यावर उभा राहिलो. तरफेचं तत्त्व. पाना सटकला, मी पडलो, अंगठ्याचं नख गेलं. तत्त्वात चूक नव्हती.

पावणेअकराला चाक निघालं. आता कॅलिपर, म्हणजे दोन्ही पॅड डिस्कवर आवळून धरणारा लोखंडी पंजा, बाहेर काढायचा. तासभर ठोकला, हलेना. राखी चहा घेऊन आली. म्हणाली, हँडब्रेक वढलेला हाये ना? मग कसा सुटन तो?

हँडब्रेक मी सुरक्षेसाठी मुद्दामच ओढला होता. ती आत गेल्यावर खाली केला. कॅलिपर निघाला. पण तोपर्यंत एकाग्रता भंगली होती. पुढचं काम पुढच्या वेळी.

२१ जानेवारी, मंगळवार

कंबर धरली आहे. खुर्चीवर बसून शिकवलं. पोरांना वाटलं, सर नाराज आहेत. तसंच राहू दिलं.

गाडी दारात एका चाकाविना, विटांवर. समोरचे रामराव रोज सकाळी गेटपाशी उभं राहून तिच्याकडे बघत दात घासतात. कोर्टातून रिटायर झालेला माणूस. बोलत काही नाहीत, फक्त ब्रश हळू होतो.

२५ जानेवारी, शनिवार. संध्याकाळी ६

यशस्वी दिवस.

जुने पॅड निघाले. कागदाएवढे झिजले होते. नवीन जाड, त्यामुळे कॅलिपरमधला पिस्टन, म्हणजे पॅडला रेटणारा दट्ट्या, आत ढकलल्याशिवाय बसणार नाहीत. हाताने ढकलला, गेला नाही. देवमन सुताराकडून त्याचा लोखंडी क्लॅम्प आणला. देवमन म्हणाला, सर, हा फळ्या चिटकवाचा हाये, गाडीले कायले लावता? मी त्याला दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ हे समजावलं. त्याने क्लॅम्प दिला आणि म्हणाला, तुटला तं सांगजा.

क्लॅम्प आवळला. पिस्टन अडला. आणखी आवळला. आतून 'टक्' आवाज आला आणि पिस्टन सरकन आत. तो 'टक्' ऐकून फार बरं वाटलं. जागेवर बसल्याची खूण.

दुसऱ्या चाकालाही तसंच केलं. तिथेही 'टक्'. दोन्हीकडे सारखा निकाल, म्हणजे पद्धत बरोबर.

बॉनेटखालच्या डबीतून ब्रेक ऑइल ओसंडून डाव्या मडगार्डवर सांडलं. तिथला रंग तसाही जुना होता, पुसताना फडक्याला आला.

हरीओमला फोन करून कळवायचा विचार होता. नको. त्याला वाईट वाटेल.

२७ जानेवारी, सोमवार. सकाळी १०

कॉलेजला गेलो नाही. आज आमच्या लॅबमध्ये बारावीची प्रॅक्टिकल आहेत. माझ्या जागी वर्षाराणी मॅडम बसल्यात. कारण ताप, असं कळवलंय.

सकाळी साडेसातला ट्रायल घेतली. आमची गल्ली रामरावांच्या गेटकडे उतरते. गाडी सुरू केली, सुटली. ब्रेक दाबला. पेडल थेट तळाला. पुन्हा दाबला. पुन्हा तळाला. हँडब्रेक ओढला तर तो झाडूसारखा वर आला, त्याच्यामागे काहीच नाही.

गेटवरची पितळी पाटी पडली. 'रा' आणि 'म' वेगळे झाले. आता नुसतं 'राव' राहिलंय.

रामराव ब्रश हातात घेऊन बाहेर आले. त्यांनी गाडी पाहिली, मला पाहिलं. म्हणाले, सर, गेटले बेल हाये.

नवीन पॅड बसवल्यावर गाडी हलवायच्या आधी पेडल वीस-पंचवीस वेळा पंप करायचं असतं, हे व्हिडिओच्या शेवटी आहे. मी शेवट पाहिला नव्हता. शेवटी सगळे आभारच मानतात.

२ फेब्रुवारी, रविवार

पेडल पंप केल्यावर ब्रेक ऐंशी टक्के लागतात. तीनदा पंप, मग दाबायचा. हँडब्रेक नाही, पण घाटात हँडब्रेक कोण वापरतं? मी गिअरवर गाडी उभी करतो.

राखीला हे समजावून सांगितलं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते, त्यामुळे तिला सगळं दोनदा सांगावं लागतं. तिने दोन्ही वेळा ऐकून घेतलं. मग म्हणाली, तुमाले मराचं तं एकटे मरा. त्या डोये नसलेल्या बाईले घाटात काहून नेऊन राह्यले?

डोळे आहेत. मोतीबिंदू झालाय. शब्द नीट वापरावेत.

४ फेब्रुवारी, मंगळवार. संध्याकाळी ५.४५

उद्या पहाटे निघणार. केनवडला तसं कळवलं. बाबांनी फोन घेतला, बरं म्हणाले. बाबा कमी बोलतात, पण माझ्याबद्दल त्यांना आदर आहे.

६.२०

चावी सापडत नाही.

६.४०

राखीच्या पर्समध्ये आहे. मागितली. नाही म्हणाली. म्हणे, हरीओमले फोन केला म्यां, तो सकाळी आईले जीपमधून घेऊन जाते. पुन्हा मागितली. पर्स घेऊन मैत्रिणीकडे भिशीला गेली.

घरात वाद नको म्हणून मी तिला तसं करू दिलं.

५ फेब्रुवारी, बुधवार. अकोला. दुपारी

एसटीने आलो. पोचलो तेव्हा आईला आत नेलं होतं. हरीओम डोळ्यांत टाकायचं औषध आणायला खाली गेलेला. बाबा बाकावर, टोपी मांडीवर घेऊन.

शेजारी आसेगावचे किसनसिंग म्हणून गृहस्थ बसले होते. त्यांच्या पत्नीचं, रुपाबाईंचं, ऑपरेशन आईच्या नंतर. मी प्राध्यापक आहे कळल्यावर त्यांनी विचारलं, प्रॅक्टिकलचे मार्क वळखीनं भेटतात म्हणते, खरं हाय का सर? माझी नात हाय बारावीले.

असा प्रश्न आला की मी ठाम उत्तर देतो. उदाहरण माझ्याकडे घरचंच आहे. कॉलेजात ते सगळ्यांना माहीत आहे. मी सांगितलं, ऐका, वीस वर्षांपूर्वी माझा सख्खा भाऊ माझ्यासमोर प्रॅक्टिकलला उभा होता. त्याच्या टेबलावरचा गॅल्व्हानोमीटर बंद पडलेला. पोराने दुसरा मागायचा सोडून तोच खोलला, दुरुस्त करत बसला, आणि केलाही. पण तोवर वेळ संपली. रीडिंग एकही नाही. रीडिंग नाही तर मार्क नाहीत. बाहेरचे परीक्षक म्हणत होते, द्या हो चार मार्क, भाऊ आहे. मी दिले नाहीत. त्याच चार मार्कांनी तो फिजिक्सला नापास झाला. शिक्षण तिथेच सुटलं. पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

किसनसिंग म्हणाले, मीटर सुरू झालता का पण?

मी म्हटलं, झाला होता, आजही आमच्या लॅबमध्ये चालतो. मुद्दा तो नाही.

तेवढ्यात बाबा बोलले. मला वाटलं होतं त्यांचा डोळा लागलाय. कोणाले नापास केलं तू?

मी म्हटलं, बाबा, तुम्हाला माहीतच आहे.

बाबा म्हणाले, मले तं तो म्हणला का मी परीक्षेलेच गेलो नाही, फाट्यावर ट्रक पाहत बसलो. म्या त्याले बैलाच्या दोरानं मारलं होतं. चार दिवस जेवला नाही तो.

मी म्हटलं, त्याने असं का सांगावं?

 बाबांनी टोपी डोक्यावर घातली. मग काढली. मग पुन्हा घातली.

हरीओम औषधं घेऊन जिना चढून आला. बाबा त्याच्याकडे बघत राहिले. तो म्हणाला, काय झालं? आईचं आटोपलं काय?  बाबा थोडं सरकले आणि बाकावर माझ्या बाजूला जी जागा होती, तिथे त्याला बसवून घेतलं. बाक चौघांना पुरेना, मी उठून उभा राहिलो.

ऑपरेशन चांगलं झालं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मागच्या दोन दिवसांचा शांतपणे विचार केला. बाबांचा गैरसमज झालाय. वय झालं की जुन्या गोष्टी मोठ्या वाटतात. दोराने मी मारलं नव्हतं. आणि हरीओम खोटं बोलला, ही त्याची चूक आहे, माझी नाही. माझी रीडिंगं बरोबर होती. त्याचीच नव्हती.

केनवडला तीन वेळा फोन केला. आई म्हणाली, बाबा वावरात गेले. तिसऱ्या वेळी मागून बाबांच्या खोकल्याचा आवाज येत होता.

राखीला सगळं सांगितलं, तिचं मत घ्यावं म्हणून. ती भाजी निवडत होती. तिने मेथीची एक काडी हातात धरून ठेवली, बराच वेळ. मग म्हणाली, अन् हे तुमी बाबांसमोर, परक्या माणसाले, फुशारकीनं सांगून राह्यले होते?

फुशारकी नव्हती. दाखला होता.

९ फेब्रुवारी, रविवार

राखीने पुन्हा परस्पर हरीओमला बोलावलं. मला वाटलं, येणार नाही. आला. अंगात कामाचे कपडे. मला नेहमीसारखं, दादा, तब्येत बरी हाये ना, असं विचारलं. अकोल्याचा विषय काढला नाही. मीही काढला नाही. योग्य वेळ नव्हती.

चाक काढायला त्याला पाच मिनिटं लागली. कॅलिपर हातात घेऊन उन्हात धरला, आत बघितलं. म्हणाला, दाबला काय तुमी हा?

मी म्हटलं, हो, क्लॅम्पने.

तो म्हणाला, मागचा पिस्टन दाबून नाही जात दादा, फिरवत फिरवत आत न्या लागते. याच्या आतमंदी हँडब्रेकचा आट्यावाला स्क्रू असते. तो तुटला. दोन्हीकडचा. 'टक्' वाजलं असंन ना?

मी म्हटलं, लक्षात नाही.

पुढे म्हणाला, डाव्या चाकाले आतला पॅड बाहेर अन् बाहेरचा आत लागला हाये. हे मात्र तो माझ्याकडे न बघता, हळू आवाजात म्हणाला, राखीला ऐकू जाऊ नये म्हणून. तिला ऐकू गेलं.

दोन्ही कॅलिपर बदलावे लागणार. अकोल्यात जुन्या गाड्या फोडतात, तिथे बघतो म्हणाला. दुपारी गाडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवली. रस्सीने बांधली. पाटणी चौकातून लाल स्पोर्ट्स कार ट्रॉलीत बसून गेली, सोयाबीनच्या पोत्यांसारखी. माझे दोन विद्यार्थी मोबाईलवर शूटिंग करत होते. त्यांची तोंडं ओळखून ठेवली आहेत.

रामराव गेटपाशी उभे होते. आज ब्रश नव्हता, नुसते बघायलाच आले होते.

१५ फेब्रुवारी, शनिवार

ठरवलं आहे. उद्या केनवडला गाडी आणायला जाईन तेव्हा विषय मीच काढणार. हरीओमला शांतपणे विचारणार की तू खोटं का बोललास. तो चूक कबूल करेल. मग बाबांसमोर त्याच्याकडून वदवून घ्यायचं की मार्कांच्या बाबतीत दादाचं बरोबर होतं. थोरल्याने एकदा पुढाकार घेतला की प्रश्न सुटतात.

रात्री जेवताना राखीला विचारलं, येतेस का? नाही म्हणाली.

१६ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळ

केनवड. नवे म्हणजे जुनेच, पण धड कॅलिपर बसवून झाले होते. नळ्यांत हवा राहिली होती, ती काढायची होती. त्याला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने खाली झोपून बोल्ट सोडायचा, आवळायचा. मी आत बसलो. हरीओम गाडीखाली गेला. फक्त त्याचे पाय दिसत होते.

दाबा, तो म्हणाला. मी दाबलं. धरा. धरलं. सोडा. सोडलं.

असं बराच वेळ चाललं. मग मी विषय काढला. म्हटलं, हरीओम, तू तेव्हा बाबांना खोटं का सांगितलंस?

खालून पाना फिरल्याचा आवाज आला. मग म्हणाला, दाबा. मी दाबलं. म्हणाला, तुमची नोकरी नवी होती. बाबाचा सोभाव तुमाले माहीत हाये. कॉलेजात आले असते अन् पोरांसमोर तुमाले बोलले असते. धरा.

मी धरलं.

म्हणाला, मार खाचा तं एकानंच खावा. सोडा.

मी म्हटलं, पण तुझ्याकडे रीडिंग नव्हतं हरीओम. एकही नव्हतं.

तो म्हणाला, हो, नव्हतं. दाबा.

वदवून घ्यायचं ते झालं होतं.  पाय दुखायला लागला होता. तो सांगत गेला, मी दाबत गेलो.

काम आटोपलं तेव्हा आई घरातून आली, काळा चष्मा लावून. चष्मा वर करून गाडीभोवती एक चक्कर मारली. बॉनेटजवळ वाकून रंग गेलेल्या जागेवरून बोट फिरवलं. म्हणाली, लय जुनी हाये रे बापा हे. हरीओम तं म्हणे, दादानं नवी कोरी घेतली.

मी हरीओमकडे पाहिलं. तो हात पुसत होता. म्हणाला, आई, चष्मा खाली कर, डोयात धूळ जाते.

मग आई माझ्याकडे बघत राहिली. इतक्या जवळून, इतका वेळ तिने बऱ्याच वर्षांत बघितलं नव्हतं. मग चष्मा खाली केला.

बाबा गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. मी येऊन तीन तास झाले होते. मी त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, बाबा, येतो. त्यांनी हरीओमला विचारलं, झाली काय त्याची गाडी? तो म्हणाला, झाली. बाबा म्हणाले, मंग जाऊ दे त्याले. आपल्याले जेवाचं हाये.

केनवड ते वाशीम अकरा वेळा ब्रेक लावून पाहिला, रस्ता रिकामा असताना. अकराही वेळा गाडी जागेवर थांबली. आवाज येत नाही. हँडब्रेकही धरतो.

त्या बाबतीत तक्रार नाही.